नऊ लेकरांची आई : संत झेली मार्टिन

दरवर्षी १२ जुलै रोजी ख्रिस्तसभा संत लुई आणि संत झेली मार्टिन ह्या पतिपत्नीचा सण साजरा करते. बाळ येशूच्या संत तेरेजाचे आईवडील म्हणून आपण त्यांना ओळखतो. क्रूस आणि गुलाबाची फुले हाती घेतलेली तेरेजाची तसबीर आपल्यापैकी कितीतरी घरांत आहे. परंतु तिच्या आईविषयी आपल्याला फारसे ठाऊक नसते. संताची आई म्हटली की एक शांत, सुखी घर आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. झेलीचे घर तसे नव्हते. म्हणूनच तिची कहाणी आज सांगावी असे आम्हांला वाटते.

हल्ली लग्न ठरलेली मुलेमुली मूल हवे की नको, हवे तर कधी, एक पुरे की दोन, ह्याचा आधीच विचार करतात. घराचे हप्ते, दोघांच्या नोकऱ्या, शाळेचे प्रवेश, लहानग्याला सांभाळणार कोण, असा सारा हिशेब त्यांच्यापुढे असतो. वडीलधाऱ्यांना हा प्रश्नच चमत्कारिक वाटतो. लग्न झाले की मूल ओघाने आलेच, असे त्यांचे म्हणणे. झेलीच्या बाबतीत मात्र ते ओघाने आले नव्हते.

मठाचे दार बंद झाले

झेली गेरँ हिचा जन्म २३ डिसेंबर १८३१ रोजी फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतातील एका खेड्यात झाला. वडील नेपोलियनच्या सैन्यात लढलेले, पुढे पोलीस दलात नोकरीस लागलेले. आई धार्मिक, पण स्वभावाने कडक. मुलींचे लाड करणे तिला जमले नाही. लहानपणी आपल्याला खेळायला एक बाहुलीदेखील मिळाली नाही आणि आपले बालपण उदास गेले, असे झेलीने मोठेपणी भावाला पत्रातून कळवले आहे. मायेचा आधार होता तो थोरल्या बहिणीचा. ही बहीण पुढे ल माँ शहरातील मठात धर्मभगिनी झाली.

१८४४ साली हे कुटुंब आलाँसों शहरात राहायला आले. झेलीलाही धर्मभगिनी व्हायचे होते. रुग्णसेवा करणाऱ्या भगिनींच्या मठात ती गेली, पण तेथील मदर सुपीरिअरनी तिला घेतले नाही. तेव्हा तिने देवाजवळ मागणे मागितले की आपले लग्न झाले तर पुष्कळ लेकरे दे आणि ती सारी तुझीच होऊ देत.

८ डिसेंबर १८५१ रोजी, पवित्र मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाच्या सणादिवशी, आलाँसोंची प्रसिद्ध लेस विणण्याचा धंदा करावा अशी प्रेरणा तिला झाली. ही लेस सुईने विणतात. लहान लहान तुकडे वेगवेगळ्या बायका आपापल्या घरी विणत. ते तुकडे सांधा न दिसता जोडण्याचे नाजूक काम झेली स्वतः करी. ह्याच कलेला युनेस्कोने २०१० साली मानवजातीच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. वयाच्या बाविशीतच झेली स्वतःच्या धंद्याची मालकीण झाली होती.

लुई मार्टिन घड्याळजी होता. त्यालाही आल्प्स पर्वतातील संत बर्नार्डच्या मठात जायचे होते, पण लॅटिन येत नसल्याने परत यावे लागले. १८५८ च्या एप्रिलमध्ये आलाँसोंच्या एका पुलावर त्या दोघांनी एकमेकांना प्रथम पाहिले आणि तीनच महिन्यांनी, १३ जुलै रोजी, त्यांचा विवाह झाला.

दहा महिन्यांचा विचार

लग्नाच्या दिवशी ती दोघे मठातील बहिणीला भेटायला गेली. तिथे झेली ढसाढसा रडली. आपले आयुष्य बहिणीसारखे मठात जायला हवे होते, ही खंत तिच्या मनात होती. लुईने पत्नीची मनःस्थिती जाणली. मरिया आणि योसेफ ह्यांच्याप्रमाणे भावाबहिणीसारखे राहावे, असे त्या दोघांनी ठरवले आणि सुमारे दहा महिने ते तसे राहिले. ह्याच काळात त्यांनी एका गरीब विधुराच्या लहान मुलाला काही दिवस घरी आणून सांभाळले.

पुढे एका धर्मगुरूंनी त्यांना समजावले. त्यांनी पुन्हा प्रार्थना केली, विचार केला आणि आपला निर्णय बदलला. २२ फेब्रुवारी १८६० रोजी त्यांची पहिली मुलगी मरी जन्मली. मुले झाल्यावर आमचे विचार पालटले, आम्ही त्यांच्यासाठीच जगू लागलो आणि तेच आमचे सुख झाले, असे झेलीने मरणाच्या काही महिने आधी आपल्या मुलीला लिहिले.

आम्हांला ह्या दहा महिन्यांचे महत्त्व वाटते. मूल होऊ देणे हा पतिपत्नींनी देवासमोर, एकमेकांचे मन जाणून घेण्याचा निर्णय आहे. लोक काय म्हणतील म्हणून किंवा सासूबाई विचारतात म्हणून घेण्याचा तो निर्णय नव्हे. पोप पॉल सहावे ह्यांनी १९६८ सालच्या आपल्या परिपत्रकात जबाबदार पालकत्वाविषयी शिकवले, त्यातही पतिपत्नींनी आपल्या शरीराची, पैशाची, मनाची आणि समाजाची परिस्थिती पाहून विचार करावा असे आहे. विचार करणाऱ्या तरुणांना स्वार्थी म्हणून आपण मोकळे होऊ नये.

साडेतीन वर्षांत चार कबरी

मरीनंतर पोलिन, लिओनी आणि हेलेन ह्या मुली झाल्या. पाचवे अपत्य मुलगा, त्याचे नाव योसेफ. तो पाच महिन्यांचा होऊन १४ फेब्रुवारी १८६७ रोजी वारला. त्याच वर्षी दुसरा मुलगा झाला, त्याचेही नाव योसेफच ठेवले. तो आठ महिन्यांचा असताना २४ ऑगस्ट १८६८ रोजी गेला आणि दहा दिवसांनी झेलीचे वडीलही वारले. २२ फेब्रुवारी १८७० रोजी, थोरल्या मरीच्या दहाव्या वाढदिवसाला, साडेपाच वर्षांची हेलेन गेली. आणि त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात जेमतेम आठ आठवड्यांची मेलानी-तेरेजा दगावली.

हे शेवटचे मरण आईच्या जिवाला फार लागले. झेलीच्या छातीत गाठ होती, त्यामुळे नंतरच्या लेकरांना ती अंगावर पाजू शकत नव्हती. त्या काळी बाटलीचे दूध धोक्याचे, म्हणून बाळ दाईकडे द्यावे लागे. मेलानीला ज्या दाईकडे ठेवले तिने हयगय केली आणि मूल उपासमारीने खंगले. आईला कळले तेव्हा उशीर झाला होता.

हेलेन गेल्यावर झेलीला एकच बोच लागून राहिली. मुलगी एकदा खोटे बोलली होती आणि त्याबद्दल आपण तिला पापनिवेदनाला नेले नाही, म्हणून तिला शुद्धिस्थानात दुःख तर होत नसेल ना? पवित्र मरियेच्या पुतळ्यापुढे गुडघे टेकून ती ह्यासाठी रडली, तेव्हा लेक मरियेजवळ सुखरूप आहे असा दिलासा तिच्या मनाला मिळाला. ज्या आईबापांनी मूल गमावले आहे त्यांना ही बोच सांगायला नको. आपले काय चुकले, हा प्रश्न कबरीवर माती पडल्यावरही सुटत नाही.

इतकी दुःखे भोगण्यापेक्षा ही मुले झालीच नसती तर बरे, असे तिला सांगणारेही भेटले. झेलीला ते बोलणे सहन होत नसे. १८७१ साली तिच्या भावजयीचे बाळ जन्मतःच दगावले, तेव्हा तिने सांत्वनाचे पत्र लिहिले. त्यात तिने कळवले की आपल्या यातना आणि लेकरांचे चिरंतन सुख हे एका तराजूत घालताच येत नाही. आपली लेकरे कायमची हरवलेली नाहीत, ती वर भेटणार आहेत. स्वतः चार लेकरे पुरलेल्या आईने हे लिहिले, म्हणून त्या शब्दांना वजन आहे.

थकलेली आई

झेलीची दोनशेहून अधिक पत्रे उपलब्ध आहेत. ती वाचली की कळते, ही आई दमत होती, चिडत होती, काळजीने झोपत नव्हती. लेसच्या मागण्या आल्या की धंद्याची गुलामी आणि मागण्या थांबल्या की मजूर बायकांच्या पोटाची चिंता. १८७० साली लुईने आपले घड्याळाचे दुकान भाच्याला विकले आणि पत्नीच्या धंद्याचा हिशेब व प्रवास स्वतःकडे घेतला. नवऱ्याने बायकोच्या कामासाठी आपले काम सोडले, हे दीडशे वर्षांपूर्वी घडले आहे. १८७१ च्या युद्धात नऊ जर्मन शिपाई त्यांच्या घरात राहायला आले, त्यांचीही उठबस तिलाच करावी लागली.

२ जानेवारी १८७३ रोजी तेरेजा जन्मली, तेव्हा झेली एक्केचाळीस वर्षांची होती. ह्या वयात बायका आजी होतात, असे तिने लिहिले आहे. बाळ दोन महिन्यांत मरणाच्या दारी पोहोचले. झेली पहाटेच सेमाले गावी रोझ नावाच्या दाईला आणायला गेली. रोझने बाळ पाहिले आणि मान हलवली. आई वरच्या खोलीत जाऊन संत योसेफच्या पायांशी रडली आणि खाली आली तो बाळ रोझच्या अंगावर दूध पीत होते. ते वाचले, पण पुढचे वर्षभर रोझच्या शेतघरीच राहिले. भेटीला आणले की ते रोझसाठी रडे. बाजारात लोणी विकत बसलेल्या रोझकडे नेल्यावरच ते शांत होई. आपले मूल दुसरीच्या कुशीत हसताना पाहणे, हेही आईपणच. पाळणाघरात किंवा आजीकडे मूल ठेवून लोकल पकडणाऱ्या आयांना ह्याचा अर्थ लगेच कळेल.

सर्वांत मोठी चिंता लिओनीची होती. ती आजारी, हट्टी, अभ्यासात मागे. मावशीच्या मठातील शाळेने तिला घरी परत पाठवले. आईने समजावले, रागावले, प्रार्थना केल्या, काही उपयोग होईना. १८७७ साली थोरल्या मरीच्या लक्षात आले की घरची मोलकरीण लिओनीला गुपचूप धाकात ठेवून आपल्या मुठीत वागवत होती. एवढी देवभीरू आणि दक्ष आई, पण तिच्याच घरात हे वर्षानुवर्षे चालले होते आणि तिला पत्ता नव्हता. कळताच तिने मुलीला त्या बाईपासून सोडवले. मग मात्र लिओनी आईला चिकटून राहू लागली.

परंतु तोवर झेलीचे दिवस भरत आले होते. छातीतील गाठ आता कापता येणार नाही, असे डॉक्टरांनी १८७६ च्या डिसेंबरात सांगितले होते. लिओनीला आपली गरज आहे, तिच्यासाठी तरी जगावे असे तिला वाटू लागले. जून महिन्यात तीन थोरल्या मुलींना घेऊन ती लुर्दला गेली, थंड पाण्यात उतरली. बरी झाली नाही. २८ ऑगस्ट १८७७ रोजी वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी झेली प्रभूघरी गेली. धाकटी तेरेजा साडेचार वर्षांची होती.

जे आईने पाहिले नाही

पुढचे आपल्याला ठाऊक आहे. पाचही मुली धर्मभगिनी झाल्या. चौघी लिझ्यूच्या कार्मेल मठात गेल्या आणि तेरेजाला १९२५ साली संतपद मिळाले. लिओनी तीनदा मठ सोडून परतली आणि चौथ्या खेपेस, १८९९ साली, काँ शहरातील मठात कायमची राहिली. तिलाही संतपद मिळावे म्हणून २०१५ साली चौकशी सुरू झाली. त्याच वर्षी १८ ऑक्टोबर रोजी पोप फ्रान्सिस ह्यांनी लुई आणि झेली ह्यांना एकत्र संत घोषित केले. ह्या दांपत्याच्या मध्यस्थीने घडलेले म्हणून ख्रिस्तसभेने मान्य केलेले दोन्ही चमत्कार नवजात बालकांचे आहेत, हेही लक्षात ठेवण्याजोगे.

पण झेलीने ह्यातले काहीच पाहिले नाही. ती गेली तेव्हा तिच्यामागे चार कबरी, एक अवघड वळणाची चौदा वर्षांची मुलगी आणि एक आईवेडी पोर होती. मुले पुढे संत होतील म्हणून तिने त्यांना जन्म दिला असे म्हणता येणार नाही. पाच महिने जगलेला योसेफ आणि जगप्रसिद्ध झालेली तेरेजा तिच्या लेखी सारखीच लेकरे होती. मूल मोठेपणी काय होईल, आपल्याला म्हातारपणी पाहील की नाही, ह्या हिशेबावर आईपण उभे नसते. ते मूल देवाचे आहे आणि काही काळ आपल्या हाती दिले आहे, एवढ्यावर ते उभे असते.

म्हणून ज्या तरुण जोडप्यांना भीती वाटते त्यांना आम्ही सांगू, तुमची भीती खोटी नाही. मूल वाढवणे कठीणच आहे आणि संतांनाही ते कठीण गेले. ज्यांना मूल झालेले नाही त्यांना लग्नसमारंभात नको ते प्रश्न विचारून आपण दुखवू नये. दहा महिने निपुत्रिक असतानाही ह्या दांपत्याने एका पोरक्या मुलाला माया लावलीच होती. आणि आपण शेजाऱ्यांनी, आजी-आजोबांनी, आत्या-मावश्यांनी हेही आठवावे की रोझ नसती तर तेरेजा वाचली नसती. मुले होऊ द्या असा उपदेश करणे सोपे असते. रात्री तापलेल्या मुलाच्या आईला दोन तास झोपू देणे, हे अधिक गरजेचे आहे.

संत झेली, आमच्या घरांतील थकलेल्या आईबापांसाठी, मूल गमावलेल्यांसाठी आणि अजून निर्णय न झालेल्यांसाठी प्रार्थना कर. आमेन.