चित्रकाराची संस्कृत शाळा

सावंतवाडीजवळचे कोलगाव गोव्याच्या सीमेपासून फार दूर नाही. तेथे १९ सप्टेंबर १८६७ रोजी जन्मलेले पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर वेदांचे भाष्यकार म्हणून सर्वपरिचित आहेत. उमेदीची वर्षे त्यांनी चित्रकार म्हणून काढली, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते.

घरात वैदिक परंपरा होती. वेदपठण कानाने शिकायचे असते. गुरूने म्हणावे, शिष्याने तसेच म्हणावे, स्वर ढळला की पुन्हा आरंभ करावा. अर्थाची विचारणा त्यात सहसा नसते. चित्रकलेची रीत नेमकी उलट. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत सातवळेकर शिकले ते डोळ्याने आणि हाताने, आणि तेथले मानाचे मेयो पदकही त्यांनी मिळवले.

विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी हैदराबादेत चित्रशाळा थाटली. व्यवसाय चांगला चालला. पण त्या शहराने त्यांना शिकण्याची तिसरी वाट दाखवली. आर्य समाजाच्या सहवासात वादविवाद झडू लागले, स्वामी दयानंदांच्या ग्रंथांचा मराठी अनुवाद हाती आला आणि लहानपणी कानावरून गेलेल्या मंत्रांचा अर्थ प्रौढ वयात नव्याने शोधावा लागला. मला वाटते, अनुवादाइतके सावकाश आणि पक्के शिक्षण दुसरे नाही.

निजामाच्या राज्यात कारभाराची भाषा उर्दू होती. मराठी घरातल्या मुलाला विषय समजण्याआधी परकी भाषा ओलांडावी लागे. आजच्या पालकसभांत मूल ऐकून शिकते की पाहून, याची पुष्कळ चर्चा होते. तशी कायमची विभागणी करून शिकवल्याने लाभ होतो याला पुरेसा आधार नाही, असे मानसशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये उपलब्ध संशोधन तपासून नोंदवले. निजामाच्या राज्यातल्या त्या मुलापुढचा प्रश्न त्याहून मूलभूत होता. १९०७ मध्ये हैदराबादेत मराठी मुलांसाठी विवेकवर्धिनी शाळा उभी राहिली, तिच्या उभारणीत केशवराव कोरटकर, वामनराव नाईक यांच्या बरोबरीने सातवळेकरांचाही हात होता.

त्यांचे राष्ट्रीय विचार मात्र राज्यकर्त्यांना रुचणारे नव्हते. हैदराबाद सुटले. वेदमंत्रांतील तेजस्वितेवर कोल्हापूरच्या ‘विश्ववृत्त’ मासिकात लिहिलेल्या लेखावरून त्यांच्यावर खटला झाला. पुढे लाहोरात पुन्हा कुंचला आणि कॅमेरा हाती घेऊन त्यांनी संसार चालवला.

१९१८ च्या सुमारास ते औंधला आले. तेथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. तेथे सातवळेकरांनी स्वाध्याय मंडळ स्थापन केले. त्यांचे ‘संस्कृत स्वयंशिक्षक’ हे पुस्तक उघडले की सोपी, रोजच्या वापरातली वाक्ये समोर येतात. व्याकरण मागाहून, थोडेथोडे. पाठशाळेत ज्याला प्रवेश नव्हता, ज्याला दिवसभर नोकरी होती, ज्या स्त्रीला गुरू मिळणे अशक्य होते, त्यांना आपल्या गतीने शिकता यावे अशी ही रचना आहे. स्वतः पाठांतरात वाढलेल्या माणसाने दुसऱ्यावर पाठांतर लादले नाही, याचे मला विशेष वाटते.

१९४८ मध्ये गांधीहत्येनंतरच्या दंगलींमुळे औंध सोडावे लागले, तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती. गुजरातेत पारडी येथे त्यांनी स्वाध्याय मंडळ पुन्हा उभे केले. १९६८ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले आणि त्याच वर्षी ३१ जुलै रोजी, वयाच्या शंभराव्या वर्षी, ते निवर्तले. हैदराबादेत विवेकवर्धिनी आजही चालू आहे.