तळ्यातला कॉलरा शोधणारे कॉख

आपला भंडारा तलावांचा जिल्हा. एकाच तलावात पोहणं, कपडे धुणं, म्हशी धुणं आपल्याला नवं नाही. १८८४ साली कलकत्त्यातल्या अशाच एका तळ्याचं पाणी एक जर्मन डॉक्टर तपासत होते. रॉबर्ट कॉख.

१८४३ साली जन्मलेले कॉख आधी छोट्या गावातले सरकारी डॉक्टर. लॅब घरातच! १८८२ मध्ये टीबीचा जंतू शोधून ते जगभर गाजले. पुढच्याच वर्षी कॉलऱ्याच्या मागावर इजिप्त आणि तिथून कलकत्ता. तळ्याकाठच्या वस्तीत कॉलऱ्याने माणसं दगावत होती. लोक तिथेच आंघोळ करत, तेच पाणी पीत. रुग्णांच्या आतड्यातला स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू कॉखना त्या पाण्यातही सापडला.

तरी सगळ्यांना पटलं नाही. म्युनिकच्या पेटेनकोफर या म्हाताऱ्या प्राध्यापकाने तर १८९२ मध्ये हे जंतू चक्क पिऊन दाखवले. नशीब बलवत्तर, जुलाबावर निभावलं.

त्याच वर्षी हॅम्बर्गमध्ये कॉलऱ्याने आठ हजारांवर बळी घेतले. शेजारचं आल्टोना बरंच वाचलं. दोन्हीकडे पाणी एल्बे नदीचंच; उलट आल्टोनाला हॅम्बर्गची घाण मिसळलेलं मिळे. पण ते वाळूतून गाळलं जाई. कॉख यांनी सांगितलं, जंतू अडवतो तो वाळूवर साचणारा चिकट थर. तो खरवडला की नवा थर धरेपर्यंत गाळणीचा भरवसा नाही. म्हणून त्यांनी मापच ठरवलं: गाळलेल्या एक मिलीलिटर पाण्यात जंतू शंभराच्या आत, आणि तपासणी रोज.

१९०५ चं नोबेल मात्र टीबीसाठी मिळालं. १९१० मध्ये ते गेले.