पालवणकर बंधूंनी मागितलेला जबाब

खास प्रतिनिधी, पिंपरी

पुण्याहून पिंपरी-चिंचवडकडे येताना बोपोडी मागे पडली की मुळा नदीवरचा हॅरिस पूल लागतो. पिंपरी, भोसरी, चाकणच्या कारखान्यांकडे निघालेले हजारो कामगार रोज हा पूल ओलांडतात. ज्यांचे नाव या पुलाला आहे ते लॉर्ड हॅरिस १८९० ते १८९५ या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते आणि त्यापूर्वी इंग्लंडच्या क्रिकेट संघाचे कर्णधार. गव्हर्नरसाहेबांचे चित्त राज्यकारभारापेक्षा क्रिकेटमध्ये अधिक रमते, अशी टीका त्या काळी होत असे. त्यांच्याच कारकिर्दीत पुण्यातील गोऱ्या साहेबांच्या क्लबवर एक किशोरवयीन मुलगा जाळी लावण्याचे, खेळपट्टीवर रोलर फिरवण्याचे आणि साहेब लोकांना सरावासाठी चेंडू टाकण्याचे काम करीत होता. पगार महिना चार रुपये. त्याआधी पारशी मंडळींच्या क्लबात हेच काम तो तीन रुपयांवर करीत असे. या मुलाचे नाव बाळू पालवणकर.

बाळूंचा जन्म १८७६ सालचा, धारवाडचा. पालवण हे घराण्याचे कोकणातील मूळ गाव. चर्मकार समाजातील या कुटुंबाची रोजीरोटी लष्करावर अवलंबून होती. वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कामाला होते. १८६९ मध्ये स्थापन झालेला हा कारखाना म्हणजे पुण्याच्या या अंगाला उद्योगाची पहिली मोठी खूण. टेल्को, बजाज किंवा हिंदुस्थान अँटिबायोटिक्स यांची नावेही कोणाच्या कानावर नव्हती, तेव्हापासून खडकीत कारखान्याच्या भोंग्यावर घरातली कामे ठरत होती. बाळू आणि त्यांचे धाकटे भाऊ शिवराम, विठ्ठल व गणपत हे अशा घरचे. लष्करी अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडू हे त्यांचे पहिले साहित्य.

साहेबांच्या क्लबात बाळूंना फलंदाजी करण्याची मुभा नव्हती. बॅट हाती धरणे हा साहेबांचा अधिकार, चेंडू टाकणे हे नोकराचे काम. पण या नोकरीतूनच त्यांचा हात तयार झाला. जे. जी. ग्रेग हे त्या काळचे नाणावलेले फलंदाज. सामन्यांआधी ते तासभर लवकर येऊन बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करीत आणि आपल्याला बाद केल्यास प्रत्येक वेळी आठ आणे देत, असे सांगितले जाते. चार रुपये पगाराच्या नोकराला आठ आणे म्हणजे मोठी कमाई. डावखुरी फिरकी, चेंडू दोन्ही बाजूंना वळवण्याची हातोटी आणि न थकता षटकामागून षटके टाकण्याची सवय ही सारी त्या जाळीतली शिदोरी. दिवसच्या दिवस एकाच टप्प्यावर चेंडू टाकत राहण्याइतकी कठोर शिस्त आजच्या कोणत्या अकादमीत शिकवली जात असेल, याची शंका वाटते.

पुण्याच्या हिंदू संघाला युरोपियन संघावर मात करायची होती आणि गावातला सर्वांत चांगला गोलंदाज नेमका अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतला निघाला. संघात घ्यावे की न घ्यावे, यावर बराच खल झाला. अखेर विजयाची ओढ वरचढ ठरली आणि बाळू मैदानावर आले. मैदानात सवर्ण खेळाडू त्यांनी टाकलेल्या चेंडूला हात लावीत, झेल घेत. चहापानाची वेळ झाली की मात्र बाळू तंबूबाहेर. त्यांचा चहा मातीच्या भांड्यात, जेवण निराळ्या पानावर आणि निराळ्या जागी. तोंड धुवायचे झाले तर पाणी ओतायला त्यांच्याच समाजातला माणूस लागे. एकाच संघातील अकरा जणांत दहा जणांसाठी एक नियम आणि अकराव्यासाठी दुसरा, हे त्या काळच्या संघशिस्तीचे स्वरूप होते.

पुण्याच्या संघाने पुढे साताऱ्याच्या युरोपियन जिमखान्यालाही हरवले. बाळूंची फिरकी बोथट व्हावी म्हणून यजमानांनी खेळपट्टीवर आठवडाभर रोलर फिरवून घेतला होता, अशी आख्यायिका आहे. खुद्द रोलर फिरवण्यात हयात घालवलेल्या माणसाविरुद्ध केलेली ही युक्ती काही उपयोगी पडली नाही. बाळूंनी सात बळी घेतले आणि पुण्यात त्यांची हत्तीवरून मिरवणूक निघाली. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी जाहीर समारंभात त्यांच्या गळ्यात हार घातला आणि ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर खाण्यापिण्यात विटाळ मानू नका, असे खेळाडूंना सुनावले. लोकमान्य टिळकांनीही त्यांचा गौरव केला.

प्लेगच्या साथीने १८९६ नंतर पुण्याची वाताहत झाली तेव्हा बाळू मुंबईला आले. परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यातही त्यांच्या प्रवेशाला काहींचा विरोध होता. तो मावळला आणि मुंबईत त्यांना सहकाऱ्यांच्या पंगतीत बसता येऊ लागले. फेब्रुवारी १९०६ मध्ये बॉम्बे जिमखान्यावर हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले. या सामन्यात बाळूंनी दोन्ही डावांत मिळून आठ बळी घेतले, तर शिवराम यांनी उपयुक्त फलंदाजी केली. इंडियन सोशल रिफॉर्मर या सुधारणावादी साप्ताहिकाने या विजयाकडे जातिभेद ढिले पडत असल्याची खूण म्हणून पाहिले होते.

१९११ मध्ये पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली भारताचा संघ इंग्लंडला गेला. संघाची जबाबदारी कोणी घेतलीच नाही, असे या दौऱ्याबद्दल म्हणावे लागते. ते वर्ष पंचम जॉर्ज यांच्या राज्यारोहण समारंभाचे. कर्णधार महाराज मेजवान्या आणि गाठीभेटींत गुंतलेले, मोजक्याच सामन्यांना हजर. त्यांच्या दिमतीला असलेले कसलेले फलंदाज केकी मिस्त्री यांनाही बहुतेक सामने मुकावे लागले. २३ पैकी १५ सामने संघाने गमावले. बाळूंचा खांदा दुखत होता, तरीही सर्व सामन्यांत मिळून त्यांनी ११४ बळी घेतले. लेस्टरशायर आणि सॉमरसेट या कौंटी संघांवर विजय मिळाले. सॉमरसेटविरुद्ध शिवराम यांनी शतक ठोकले. मुंबईस परतल्यावर दलित समाजाने बाळूंचा सत्कार केला. या समारंभात मानपत्राच्या निमित्ताने पुढे आलेला विशीतील तरुण होता भीमराव आंबेडकर.

एवढी कामगिरी पाठीशी असताना हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंकडे येणे स्वाभाविक होते. ते आले नाही. १९१३ मध्ये एम. डी. पै यांची निवड झाली, तेव्हा त्यांनी स्वतःच्याच सत्कारात हा मान ज्येष्ठ व अनुभवी बाळूंना मिळायला हवा होता, हे प्रांजळपणे मान्य केले. पै यांचा मोठेपणा खरा, पण निवड समितीवर त्याचा काही परिणाम झाला नाही. वर्षामागून वर्षे चौरंगी सामने होत राहिले. बाळू बळी घेत राहिले आणि नेतृत्व दुसऱ्यांकडे जात राहिले. कारण काय, हे समितीला कोणी विचारले नाही आणि समितीने सांगितले नाही.

ही कोंडी १९२० मध्ये फुटली. त्या वर्षीच्या चौरंगी स्पर्धेत पै पहिल्या सामन्यास उपलब्ध नव्हते. ४४ वर्षांच्या बाळूंना संघातून वगळण्यात आले आणि कर्णधारपद पुण्याचे प्रा. दि. ब. देवधर यांना देण्यात आले. विठ्ठल पालवणकर तोपर्यंत हिंदू संघाचे आघाडीचे फलंदाज झालेले होते. ज्येष्ठतेने आणि कामगिरीने त्यांचा हक्क आधीचा होता. येथे देवधरांवर ठपका ठेवणे अन्यायाचे ठरेल. ते थोर खेळाडू होते आणि पुढे १९३९-४० व १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे त्यांनी महाराष्ट्राला रणजी करंडक जिंकून दिला. प्रश्न समितीच्या निकषाचा होता.

विठ्ठल आणि शिवराम यांनी या सामन्यातून अंग काढून घेतले. तेही गुपचूप, आजारपणाचे निमित्त सांगून नव्हे. वृत्तपत्रांत निवेदन प्रसिद्ध करून त्यांनी कारण सांगितले. श्रेष्ठ खेळाडूच्या हाताखाली खेळण्यास आपली ना नाही, परंतु केवळ जातीमुळे डावलले जात असेल तर ते स्वाभिमानाला मानवणारे नाही, असा त्या निवेदनाचा आशय होता. नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनात अस्पृश्यता निवारणाचा ठराव झाला तो याच वर्षीच्या डिसेंबरात. मुंबईतील मैदानावर तो विषय त्याआधी पोहोचला होता.

संघ जाहीर झाल्यावर सामन्यातून माघार घेणे म्हणजे बेशिस्त, असे म्हणणारे तेव्हा होते, आजही निघतील. पिंपरी ते चाकण पट्ट्यात नोकरी करणाऱ्याला हा युक्तिवाद नवा नाही. पंचिंग, मेमो, कारणे दाखवा नोटीस, खातेनिहाय चौकशी ही शिस्तीची सारी अवजारे वरून खाली चालतात. निर्णय घेणाऱ्याने आपल्या निर्णयाची कारणे द्यावीत, यासाठी मात्र तितकी हुकमी अवजारे नाहीत. खेळातही फार वेगळे नाही. १९३६ च्या इंग्लंड दौऱ्यातून लाला अमरनाथ यांना बेशिस्तीच्या आरोपावरून मध्येच घरी धाडण्यात आले. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर जॉन बोमाँट यांच्या समितीने १९३७ मध्ये अमरनाथ यांना दोषमुक्त करून कर्णधार विजयानगरमचे महाराजकुमार यांच्या नेतृत्वावरच कोरडे ओढले. तोवर दौरा संपून गेला होता.

व्यावसायिक खेळ पैशाने मोठा झाला, तसा हा प्रश्नही मोठा झाला. अमेरिकेत फुटबॉल या नावाने जो खेळ चालतो (त्यात चेंडू बहुतांशी हातांतच असतो) त्यातील न्यू ऑर्लीन्स सेंट्स या संघाचे प्रकरण २०१२ मध्ये गाजले. प्रतिस्पर्ध्यांना जायबंदी करण्यासाठी खेळाडूंना बक्षिसी दिली जात असल्याचे आढळल्यावर लीगने मुख्य प्रशिक्षक शॉन पेटन यांना संपूर्ण हंगामासाठी निलंबित केले आणि क्लबला पाच लाख डॉलर दंड केला. खेळाडूंवरही निलंबनाची कारवाई झाली, पण अपिलात ती त्याच वर्षी डिसेंबरमध्ये रद्द ठरली. वरिष्ठांच्या देखरेखीखाली चाललेल्या गोष्टीचे खापर एकट्या खेळाडूवर फोडता येणार नाही, हे तत्त्व तेथे अपील अधिकाऱ्याने मांडले. पालवणकरांपाशी अपिलाची सोय नव्हती, लीग नव्हती, खेळाडूंची संघटना नव्हती. होते ते वर्तमानपत्राला पाठवलेले एक पत्र.

त्या पत्राने काम केले. पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्यास पै परतले, पालवणकर बंधू संघात आले आणि बाळू उपकर्णधार झाले. सामना सुरू असताना पै काही वेळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढ्या काळापुरते हिंदू संघाचे नेतृत्व बाळूंनी केले. पै यांनी हे जाणूनबुजून केले असावे, असे मानायला जागा आहे. तो सामना अनिर्णित राहून अजिंक्यपद दोन्ही संघांत वाटले गेले. वीस-बावीस वर्षे पुण्या-मुंबईसाठी राबलेल्या गोलंदाजाच्या वाट्याला नेतृत्व आले ते एवढेच.

विठ्ठल यांना आणखी तीन वर्षे थांबावे लागले. १९२३ मध्ये ते कर्णधार झाले आणि त्यांच्या चार वर्षांच्या नेतृत्वात हिंदूंनी तीनदा चौरंगी स्पर्धा जिंकली. पहिल्या विजयानंतर प्रेक्षकांनी त्यांना खांद्यावर घेतले. समितीने १९२० मध्ये काय गमावले होते, त्याचा हिशेब या आकड्यांत आहे. विठ्ठल यांनी माझे क्रीडा-जीवन हे आत्मचरित्र मराठीत लिहिले. ते १९४८ मध्ये प्रसिद्ध झाले.

निवृत्तीनंतर बाळू राजकारणात आले, पण तेथे फिरकी चालली नाही. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. हा करार झाला येरवड्यात, म्हणजे वडिलांच्या कारखान्यापासून हाकेच्या अंतरावर. स्वतंत्र मतदारसंघांच्या प्रश्नावर ते डॉ. आंबेडकरांच्या विरुद्ध बाजूला होते. १९३७ च्या मुंबई विधानसभा निवडणुकीत काँग्रेसने त्यांना थेट डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे केले. एका सत्काराच्या निमित्ताने पंचवीस वर्षांपूर्वी एकत्र आलेली ही दोन माणसे. आंबेडकरांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. ही उमेदवारी स्वीकारणे बाळूंच्या कीर्तीला शोभले नाही, असे अनेकांना वाटते. दुसऱ्याच्या डावात आपण चेंडू टाकायला उभे आहोत, हे त्यांच्यासारख्या जाणत्या गोलंदाजाला उमगले नसेल, हे पटत नाही.

३३ प्रथम श्रेणी सामन्यांत १७९ बळी अशी नोंद मागे ठेवून बाळू पालवणकर यांनी ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत देह ठेवला. अस्पृश्यता पाळणे हा गुन्हा ठरवणारा कायदा त्याच वर्षी १ जूनपासून लागू झाला होता.