मुळी मोजणारा डॉक्टर

दारूपायी मोडलेली घरे आम्हा वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावकरांना परकी नाहीत. म्हणूनच व्यसन सोडवणाऱ्या एखाद्या झाडपाल्याची चर्चा निघाली, की मला डॉ. रुस्तम जाल वकील आठवतात.

वकील हे मुंबईचे पारशी हृदयरोगतज्ज्ञ. जन्म १९११ चा. सर्पगंधेची मुळी आपले वैद्य झोपेसाठी आणि भ्रमिष्टांसाठी पूर्वापार देत आले. तिने रक्तदाबही उतरतो, हे बंगालमधल्या सेन आणि बोस यांनी १९३१ मध्ये नोंदवले होते. वकिलांनी मात्र ऐकीव गुणावर भिस्त ठेवली नाही. पन्नास रुग्णांना त्यांनी मुळीचे औषध दिले, दाब मोजला, होणारा त्रास टिपला आणि १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये सारे मांडले. जगाचे लक्ष त्या मुळीकडे वळले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातले रेसर्पिन वेगळे काढले गेले. पुढे ते मनोरुग्णांनाही दिले जाऊ लागले. १९५७ मध्ये वकिलांना अमेरिकेतला लास्कर पुरस्कार मिळाला, १९५८ मध्ये पद्मभूषण. १९७४ मध्ये ते गेले.

आता त्या झाडाचे गोत्र पाहा. सर्पगंधा, अंगणातली सदाफुली, तगर आणि आफ्रिकेतला इबोगा हे सारे एकाच कुळातले. ट्रिप्टोफॅन या साध्या अमिनो आम्लापासून ही झाडे ट्रिप्टामिन करतात, त्याला सेकोलोगॅनिन जोडतात आणि त्या एका जोडातून सर्पगंधा रेसर्पिन घडवते, इबोगा इबोगेन. आपल्या मेंदूतले सेरोटोनिन हेही ट्रिप्टोफॅनचेच अपत्य. झाडाचे रसायन माणसाच्या मनावर चालावे, यात मग नवल ते काय?

इबोगेनने हेरॉइनची ओढ कमी होते, असा अनुभव १९६२ पासून सांगितला जातो. पण त्याने हृदयाची लय बिघडून माणसे दगावलीही आहेत. २०२० मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी त्याच धर्तीचा, पण हृदयाला कमी धोक्याचा ठरावा असा रेणू जाहीर केला. त्याने उंदरांचे दारू पिणे घटले. उंदरापासून माणसापर्यंतची वाट मात्र लांबची असते.

तेव्हा दारातल्या तगरीची मुळी उगाळून कुणा दारुड्याला पाजण्याचा उद्योग कृपा करून कुणी करू नये. वकिलांनी मुळी शोधली नव्हती. तिचा गुण आणि दोष दोन्ही मोजून दाखवले होते. व्यसनी माणसाच्या घरच्यांना आशा हवीच, पण तीही अशीच मोजून घेतलेली असावी, असे मला वाटते.