सामूचा आकडा देणारा माणूस

माती परीक्षणाचा अहवाल हातात आला की वाळवा-मिरज भागातला ऊस उत्पादक आधी एक आकडा शोधतो: सामू. कृष्णाकाठची जमीन चोपण होत चालली की हा आकडा साडेआठच्या वर सरकतो आणि घरात काळजी सुरू होते. तासगावचा द्राक्षबागायतदार टाकीत औषध ओतण्याआधी पाण्याचा सामू बघतो. आमच्या अतिदक्षता विभागात धाप लागलेल्या रुग्णाच्या धमनीतले रक्त तपासून आलेल्या चिठ्ठीवर पहिला आकडा असतो पीएचचा, म्हणजे याच सामूचा. समुद्राची तब्येत बिघडते आहे असे शास्त्रज्ञ म्हणतात, तेव्हा त्यांच्या हातातही हाच आकडा असतो. ही पट्टी ज्यांनी दिली त्या सोरेन्सन यांचे नाव आपण शाळेत वाचतो आणि परीक्षेनंतर विसरतो.

सोरेन पेडर लॉरिट्झ सोरेन्सन यांचा जन्म ९ जानेवारी १८६८ रोजी डेन्मार्कमधल्या एका खेड्यात, शेतकऱ्याच्या घरी झाला. अठराव्या वर्षी ते कोपनहेगन विद्यापीठात गेले ते डॉक्टर व्हायला. तिथे रसायनशास्त्राचे प्राध्यापक योर्गनसन यांची छाप पडली आणि त्यांनी वैद्यक सोडले. (वैद्यक न सोडलेल्या आम्हा अनेकांपेक्षा या सोडून गेलेल्या माणसाने वैद्यकाला जास्त दिले, हे कबूल केलेले बरे.) १८९९ मध्ये डॉक्टरेट मिळाली आणि १९०१ मध्ये ते कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेच्या रसायन विभागाचे प्रमुख झाले.

कार्ल्सबर्ग म्हणजे तीच बिअरवाली कंपनी. मालक जेकबसन यांनी १८७५ मध्ये कारखान्यासोबत प्रयोगशाळा उभारली आणि नियम घातला की इथे लागलेला कोणताही महत्त्वाचा शोध लपवून ठेवायचा नाही. सोरेन्सन यांच्या आधी त्या खुर्चीवर केल्डाल होते. दूध, पेंड, धान्य यांतली प्रथिने मोजायची त्यांची पद्धत अजून वापरात आहे.

बिअर बनवताना धान्यातले आणि यीस्टमधले एन्झाइम काम करतात. एन्झाइम मोठे नाजूक. आंबटपणा थोडा इकडेतिकडे झाला की त्यांचे काम मंदावते. पण आंबटपणा मोजायचा कसा? तोवरची रीत अशी की द्रावणात अल्कली थेंबथेंब टाकत जायचे आणि आम्ल संपायला किती लागले ते लिहायचे. त्यातून एकूण आम्ल कळते, पण त्या क्षणी कामावर असलेले आम्ल किती ते कळत नाही. व्हिनेगर आणि हायड्रोक्लोरिक आम्ल अशा बेताने घेता येतात की दोन्हींना अल्कली सारखीच लागेल, तरी त्यांचा जोर अगदी निराळा असतो. सोरेन्सन यांचे म्हणणे असे की एन्झाइमला एकूण साठ्याशी देणेघेणे नाही, मोकळ्या हायड्रोजन आयनांशी आहे. तेवढेच मोजा.

ते मोजले तर आकडे निघत ते दशांश चिन्हापुढे सात-आठ शून्यांचे. १९०९ मध्ये त्यांनी सरळ शून्ये मोजायची युक्ती काढली, आणि त्यातून पीएच जन्मला. पट्टीसोबत त्यांनी ठरलेल्या सामूची द्रावणे आणि रंग बदलणाऱ्या सूचकांची यादीही दिली, त्यामुळे साध्या प्रयोगशाळेलाही ती वापरता आली. पत्नी मार्ग्रेट याही त्यांच्यासोबत प्रयोगशाळेत काम करत.

या सोयीत एक फसगत मात्र आहे. पट्टी दहाच्या पटीत चालते. सामू ८ वरून ७ झाला तर आम्लता दहापट होते. ०.३ ने उतरला तर दुप्पट, आणि ०.१ ने उतरला तर साधारण २६ टक्क्यांनी वाढते. निरोगी माणसाच्या रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५. तो ७.३ झाला की आम्ही कारण शोधायला धावतो, आणि ७.१ झाला की नातेवाइकांना बाहेर बोलावून घेतो. ०.१ म्हणजे किरकोळ, असे अतिदक्षता विभागात कोणी म्हणत नाही.

सोरेन्सन यांचा समुद्राशी थेट संबंध होता हे कमी लोकांना ठाऊक आहे. १९१० मध्ये त्यांनी आणि सहकारी पालिट्श यांनी समुद्राच्या पाण्याचा सामू कसा मोजावा यावर निबंध लिहिला. खाऱ्या पाण्यात सूचकाचा रंग थोडा खोटे बोलतो; मिठामुळे होणारी ही चूक त्यांनी विद्युत मापनाशी ताडून काढली. त्याच वर्षी डॅनिश संशोधन जहाज ‘थोर’ भूमध्य समुद्रात फिरले आणि ही पद्धत जहाजावर गेली. तेव्हा हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाखांत सुमारे ३०० भाग होता. आज तो ४२० च्या वर आहे.

१९३८ मध्ये सोरेन्सन निवृत्त झाले आणि १२ फेब्रुवारी १९३९ रोजी कोपनहेगनमध्ये गेले. नोबेल मिळाले नाही. आपली पट्टी समुद्राच्या आजारपणासाठी वापरली जाईल हे त्यांच्या डोक्यातही नसावे.

आपण हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी जवळपास चौथा हिस्सा समुद्र पितो. पाण्यात त्याचे कार्बोनिक आम्ल होते. औद्योगिक युगाच्या आधी समुद्राच्या पृष्ठभागाचा सामू ८.२ च्या आसपास होता, आता ८.१ च्या आसपास आहे. पाणी आम्ल झालेले नाही, अजून अल्कलीच आहे, म्हणून ‘समुद्र ॲसिड झाला’ ही बातमी चुकीची. पण उतरण आहे, आणि ती तेच ०.१ आहे.

माशाला हा वायू कल्ल्यांतून थेट रक्तात शिरतो. जुनाट दम्याच्या रुग्णाच्या रक्तात वायू साचला की त्याची मूत्रपिंडे बायकार्बोनेट धरून ठेवून सामू सावरतात. मासा हेच काम मुख्यतः कल्ल्यांतून करतो, तेही एकदोन दिवसांत. म्हणून बहुतेक मासे तग धरतात. त्याची किंमत ऊर्जेत मोजावी लागते. म्हाकूल, म्हणजे हॉटेलातला स्क्विड, याची गोष्ट अवघड आहे. त्याच्या निळ्या रक्तातले तांब्याचे प्रथिन आम्लतेला फार हळवे असते. सामू घसरला की कल्ल्यांत प्राणवायू पकडणेच त्याला जड जाते. कार्बन डायऑक्साइडमुळे रक्ताची प्राणवायूवरची पकड सुटते, हे १९०४ मध्ये क्रिस्टियान बोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, तेही कोपनहेगनमध्येच.

सगळ्यात जास्त हाल शिंपल्यांचे. कुंभार्ली उतरून चिपळूणला गेल्यावर आपण ज्या तिसऱ्या आणि कालवे चवीने खातो, त्यांच्या शरीरात सामू सावरायची यंत्रणा अगदी तोकडी असते. ओहोटीला शिंपले मिटून बसले की आत आम्ल साचते, आणि ते शमवायला प्राणी स्वतःच्या कवचातला चुना विरघळवतो. मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाची हाडे अशीच झिजतात. खाडीतले पाणी भरती-ओहोटीला आणि पावसाला बदलतच असते, त्यामुळे मोठ्या कालवांना चढउताराची सवय असते. अळीला ती नसते. कालवाची अळी पहिल्या दोनेक दिवसांत पहिले कवच बांधते, तेही अंड्यातल्या शिदोरीवर. कवच बांधताना हायड्रोजन आयन सुटतात, ते बाहेर फेकावे लागतात. बाहेर आधीच गर्दी असेल तर फेकायला जास्त ऊर्जा लागते आणि शिदोरी लवकर संपते.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, ओरेगॉनमध्ये, २००७ च्या सुमारास कालवांच्या संवर्धन केंद्रांत अळ्या लाखोंनी मेल्या. आधी जंतूंवर संशय गेला. नंतर कळले की वाऱ्यामुळे खोल समुद्रातले, कार्बन डायऑक्साइडने भरलेले पाणी वर येऊन टाक्यांत शिरत होते. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही पावसाळ्यात खालचे पाणी वर येते. त्यात प्राणवायू कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असतो. ओरेगॉनच्या लोकांनी उपाय केला तो आमच्या मूत्रपिंडाच्या रुग्णांना देतो तसाच: पाण्यात सोडा घातला. आता तिथे समुद्राचे पाणी आत घेण्याआधी त्याचे रसायन तपासतात, आणि आकडा उतरलेला असेल तर सोड्याची मात्रा वाढवतात किंवा पाणी सुधारेपर्यंत थांबतात. टाक्यांबाहेरच्या कालवांसाठी ही सोय नाही.