रक्ताचे बी आणि त्याची माती

अलेक्झांडर मॅक्सिमोव यांचा जन्म १८७४ साली रशियात, सेंट पीटर्सबर्गमध्ये झाला. तिथल्याच लष्करी वैद्यकीय अकादमीत ते शिकले आणि १९०३ मध्ये तिथेच प्राध्यापक झाले. रक्तातील लाल आणि पांढऱ्या पेशींची मुळे वेगवेगळी आहेत, असे तेव्हा अनेक तज्ज्ञ मानत. मॅक्सिमोव यांनी प्राण्यांच्या गर्भात रक्त कसे तयार होते, हे सूक्ष्मदर्शकाखाली बारकाईने पाहिले. १९०९ मध्ये बर्लिनमध्ये त्यांनी आपला निष्कर्ष मांडला: रक्तातील सगळ्या पेशींची आई एकच, म्हणजे मूळ पेशी. तिच्यापासून पुढे काय घडणार हे भोवतालच्या परिस्थितीवर ठरते, असेही त्यांचे मत होते.

क्रांतीनंतरच्या हलाखीला कंटाळून १९२२ मध्ये त्यांनी देश सोडला. शिकागो विद्यापीठात काचेच्या भांड्यात पेशी वाढवण्याचे काम त्यांनी चालू ठेवले. १९२८ मध्ये, वयाच्या ५४ व्या वर्षी ते गेले. त्यांचे अपुरे राहिलेले पाठ्यपुस्तक सहकारी विल्यम ब्लूम यांनी पुरे केले.

मूळ पेशींचा प्रयोगातून पुरावा मिळाला तो १९६१ मध्ये, टोरांटोत, उंदरांवर. पण या पेशी शरीराबाहेर नुसत्या ठेवल्या, तर लवकरच मरत किंवा पक्व होऊन संपून जात. १९७७ मध्ये मँचेस्टरच्या मायकेल डेक्स्टर आणि सहकाऱ्यांनी उपाय शोधला. आधी अस्थिमज्जेतील आधारपेशींचा थर भांड्याच्या तळाशी जमू द्यायचा, मग त्यावर मज्जेच्या नव्या पेशी सोडायच्या. उंदराच्या मूळ पेशी अशा थरावर कित्येक महिने टिकल्या. बी तेच होते. फक्त त्याला माती मिळाली.

याचे महत्त्व रुग्णाला कळते. नवजात बाळाच्या नाळेतील रक्तात मूळ पेशी असतात. पण एका नाळेतल्या पेशी मोठ्या माणसाला बहुधा पुरत नाहीत. त्या वाढवाव्यात, तर वाढता वाढता त्यांचे मूळपणच हरवते. आधारपेशी आणि औषधांच्या मदतीने यावर मार्ग काढणे चालू आहे, काही यशही आले आहे. तरी प्रयोगशाळा अजून दात्याची जागा घेऊ शकलेली नाही. रक्ताच्या कर्करोगाचा किंवा थॅलेसेमियाचा रुग्ण आजही जुळणाऱ्या दात्याची वाट पाहतो. तुम्ही तरुण आणि निरोगी असाल, तर मूळ पेशीदात्यांच्या यादीत नाव नोंदवण्याचा विचार जरूर करा.