दगडांतले शिंपले आणि रेव्ह. स्टीफन हिस्लॉप

शिरूर व दौंड ह्या बाजूच्या आमच्या वाचकांस घोड व भीमा ह्या नद्यांचे कांठ चांगले ठाऊक आहेत. उन्हाळ्यांत पाणी ओसरलें म्हणजे मुलें तेथें शिंपले वेंचतात, आणि येथें पूर्वीं समुद्र होता काय, असें विचारतात. कोणी वडील माणूस तो शिंपला नोहाच्या जलप्रलयाचा पुरावा म्हणूनही दाखवितो. असल्या प्रश्नाचें उत्तर धीरानें शोधणाऱ्या एका सेवकाचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देतों.

स्टीफन हिस्लॉप ह्यांचा जन्म स्कॉटलंडांतील डन्स गांवीं ८ सप्टेंबर १८१७ रोजीं झाला. सन १८४५ त ते फ्री चर्चचे मिशनरी म्हणून नागपुरास आले. शाळा चालविणें, उपदेश करणें व गोंड लोकांची भाषा आणि चालीरीति टिपून घेणें, हें त्यांचें काम होतें. त्या कामांतच ते नदीनाल्यांचे खडकही पाहात.

सन १८५१ त नागपूरजवळील टाकळी येथें त्यांस व त्यांचे सोबती रेव्ह. रॉबर्ट हंटर ह्यांस काळ्या खडकाच्या दोन थरांमध्यें गाळाचा एक थर आढळला. त्यांत शंख, फळें, बिया व माशांचे खवले दगड होऊन राहिले होते. दुसऱ्या कोणी घाईनें तेथें समुद्र मानला असता. हिस्लॉप ह्यांनीं एकेक जात ताडून पाहिली. ते शंख तळ्यांतल्या गोड्या पाण्याचे निघाले. दूर गोदावरीकांठीं राजमहेंद्री येथील थरांत मात्र खाडीच्या खाऱ्या पाण्याचे शिंपले होते. ह्या सर्वांचें वर्णन सन १८६० त लंडनच्या भूगर्भशास्त्र मंडळाच्या त्रैमासिकांत त्यांच्या नांवानें छापलें गेलें.

पृथ्वीच्या पोटांतून तप्त रस वाहिला व थिजला; त्याच्या खळग्यांत पाणी सांचून तळें झालें; पुढें दुसऱ्या रसानें तें झांकून टाकिलें. ह्यास सुमारें साडेसहा कोटि वर्षें लोटलीं, असें आतां शास्त्रज्ञ मानतात. शिरूर-दौंडचा काळा खडकही अशाच रसाचा बनला आहे. म्हणून आपल्या नदीच्या वाळूंतला शिंपला समुद्राचा नव्हे, नदीचाच होय.

४ सप्टेंबर १८६३ रोजीं हिस्लॉप हे रिचर्ड टेंपल ह्यांजबरोबर नागपूरजवळ टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळें पाहावयास गेले होते. परततांना तेथील शाळा तपासण्यास ते मागें राहिले. इतक्यांत पावसानें नाला चढला. सायंकाळीं त्यांचा घोडा एकटाच आला. स्वार बुडाला होता. शेचाळिसावें वर्ष पुरें होण्यास चार दिवस उरले होते. ज्या ओढ्यांनीं त्यांस इतकें शिकविलें, त्यांपैकींच एकानें त्यांस नेलें. गोंड लोकांविषयींचीं त्यांचीं टिपणें टेंपल ह्यांनीं सन १८६६ त प्रसिद्ध केलीं, व सन १८८३ त नागपुरास त्यांच्या नांवाचें कॉलेज निघालें.

आमच्या उपदेशकांनीं ह्या चरित्रांतून एक गोष्ट घ्यावी. दगड जेवढें सांगतो, तेवढेंच सांगावें; आपल्या सोयीसाठीं त्याच्या तोंडीं अधिक घालूं नये. खरेपणानें पाहिलेल्या लहान शिंपल्याचें मोल घाईनें सांगितलेल्या मोठ्या गोष्टीहून अधिक असतें. मुलानें शिंपला आणून दाखविला तर तो टाकूं नका. त्याच्याबरोबर बसून तो नीट पाहा.